पहाटे सव्वाचारचा नेपोलियन

चित्रकार झाक-लुई दाविद, साल १८१२. कॅनव्हासवर तैलरंग, उंची सुमारे २०४ सेंटिमीटर. त्वीलरी राजवाड्यातल्या अभ्यासिकेत नेपोलियन उभा आहे. घड्याळात पहाटेचे सव्वाचार होत आलेत, मेणबत्त्या विझत चालल्यात, मोज्यांना चुण्या पडल्यात. मेजावरची गुंडाळी नागरी कायद्याची. प्रजा झोपलेली असताना सम्राट तिच्यासाठी जागतो, हे दाविद यांना ठसवायचं होतं आणि ते त्यांनी विलक्षण ताकदीनं ठसवलं. नेपोलियन मात्र या चित्रासाठी समोर उभा राहिलाच नव्हता! चित्र काढून घेतलं तेही फ्रेंच दरबारानं नव्हे, तर शत्रुराष्ट्र ब्रिटनमधल्या अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश उमरावानं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.