अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि रेंजची जागा

कोकणातल्या अनेक गावांत एक ‘रेंजची जागा’ असते. कुठे देवळामागचा कातळ, कुठे शाळेच्या पटांगणाचा कोपरा, कुठे आंब्याखालचा गडगा. मुंबईला फोन लावायचा तर तिथे जायचे. मोबाइलच्या दरांची जुनी-नवी पत्रके मी जमवू लागलो, तेव्हा या जागेचा विचार मनात नव्हता. स्वस्त काय नि महाग काय, एवढे एक कोष्टक करायचे होते. ते पुरे होईना. दर कागदावर मांडता येतो, रेंज जागेवर जाऊनच पाहावी लागते.

आपल्याकडच्या दर दहा मोबाइल जोडण्यांपैकी नऊहून अधिक प्रीपेड आहेत. करार नाही, महिनाअखेरचे बिल नाही. पटले नाही तर दुसरे सिम. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू कोलकात्याहून सुखराम यांच्याशी बोलले, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि मिस्ड कॉल ही आपली खास संस्था नावारूपाला आली. मग २००५च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ योजना आल्या : एकदा पैसे भरा, आयुष्यभर फोन घ्या. ते आयुष्य तेरा वर्षांचे निघाले. २०१८च्या अखेरीपासून नुसता नंबर चालू ठेवायलाही ठरावीक रिचार्ज मारणे भाग पडू लागले.

हा रिचार्ज बहुधा २८ दिवसांचा असतो. समजा, तो २०० रुपयांचा आहे. आपण मनात बारा महिन्यांचे २४०० धरतो. पण २८ दिवसांचे तेरा हप्ते झाले की ३६४ दिवस भरतात. म्हणजे वर्षाचे २६०० झाले. तेराव्या महिन्याचा हा अधिक मास दरवर्षी येतो! ‘ट्राय’ने २०२२मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा प्लॅन ठेवायला लावले. डिसेंबर २०२४मध्ये इंटरनेटशिवाय केवळ बोलणे आणि एसएमएस एवढ्यासाठीचे प्लॅन बंधनकारक केले, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मला हा निर्णय जास्त मोलाचा वाटतो. दुकानदार तो आपण होऊन सांगेलच असे नाही. विचारावे लागते.

आता रेंज. कमी वारंवारतेच्या लहरी, म्हणजे ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, दूर जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण भिंतीशी थकतात. डोंगराची सावली उन्हाला असते तशी या लहरींनाही असते. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीला दोन किलोमीटरवरचा टॉवर उपयोगी पडत नाही, समोरच्या सड्यावरचा लांबचा पडतो. २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते जरूर पाहावेत, पण नकाशातला रंग अंगणापर्यंतचा समजावा; जांभ्याच्या भिंतीआडच्या माजघराचा नव्हे. फोनही पाहावा. जिओचे जाळे २०१६पासूनच ४जीचे. जुना २जी फोन त्यावर मुळीच चालत नाही, मग टॉवर दारात का असेना.

घरात फायबर आले असेल आणि फोनमध्ये सोय असेल, तर वाय-फायवरून कॉल करता येतो, टॉवर लागत नाही. मात्र आषाढात लाइट गेली की वाय-फायही गेले. टॉवरची बॅटरी निदान काही तास तग धरते.

करार नसण्याचे स्वातंत्र्य खरे कुठे आहे, हा प्रश्न मला इथे पडला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ रोजी देशभर सुरू झाली. शहरात तिचा धाक कंपन्यांना वाटत असेल. ज्या गावात एकच टॉवर आहे, तिथे पोर्ट करून जायचे कुठे? शिवाय बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो, गॅसचे बुकिंग त्याच नंबरावर. सही नसलेला हा करार २८ दिवसांनी आपोआप आपल्यासमोर येतो. म्हणून सरकारी पैशातून उभारलेल्या टॉवरवर एकमेकांच्या ग्राहकांना सेवा देण्याची जी व्यवस्था जानेवारी २०२५मध्ये सुरू झाली, ती मला दरकपातीपेक्षा मोठी गोष्ट वाटते. ती सगळ्या टॉवरना लागू नाही, हे दुखणे आहेच.

तोवर लोकांनी आपला तोडगा काढला आहे : एका फोनमध्ये दोन सिम. एक गावात लागणारे, फक्त बोलण्यापुरते, लांब मुदतीचे. दुसरे स्वस्त इंटरनेटचे. विकत घेण्याआधी शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन मागून माजघरात, दार लावून, संध्याकाळी आठ वाजता लावून पाहावा. माझ्या ओळखीच्या एका आजींनी असाच पाहिला आणि महागडे सिम घेतले. त्यांचा फोन आता खिडकीच्या फळीवर असतो. तिथून तो कुणी हलवला, तर त्या रागावतात.