एप्रिलमधले उघडे जंगल

मार्च सरता सरता ताडोब्यातला साग उघडा पडू लागतो. भलीमोठी पाने खाली, वर नुसत्या फांद्या. आकाशातून चंद्रपूरचा हा पट्टा तेव्हा करपल्यासारखा दिसतो. नवख्याने बघावे आणि खुशाल दुष्काळ जाहीर करावा! झाडे मात्र जिवंत असतात. पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी त्यांनी पानांवरच पाणी सोडलेले असते.

हा हिरवेपणा उपग्रहातून मोजता येतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश परतवते. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की ‘एनडीव्हीआय’ हा आकडा मिळतो. दाट पानोऱ्यावर तो एककडे झुकतो, उघड्या जमिनीवर शून्याजवळ येतो. नासाच्या ‘टेरा’ उपग्रहावरचा ‘मॉडिस’ संवेदक २००० सालापासून अडीचशे मीटरच्या चौकोनागणिक हिरवेपणा टिपत आला आहे. त्यामुळे एप्रिलमधल्या जंगलाची तुलना ऑक्टोबरशी नव्हे, त्याच चौकोनाच्या मागच्या वीस-पंचवीस एप्रिलांशी करता येते. खरी गोम इथेच आहे.

कारण इथे प्रत्येक झाडाचे पंचांग वेगळे. साग पावसाची वाट पाहतो. मोह मात्र फुले गळून गेली की भर उन्हाळ्यातच पालवतो, आणि कुसुमाची कोवळी पालवी तर चक्क तांबडीलाल. मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोचली असतील, तर पावसाआधी पालवणे परवडते. गडचिरोलीत ओढ्याकाठची जांभूळ, करंजही उन्हात हिरवी राहतात. ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या दहा मीटरच्या चौकोनांच्या चित्रात या हिरव्या रेघा दिसल्या, की पाणी कुठे टिकून आहे याचा माग लागतो.

हिरवेपणा घटला म्हणजे पाणीच घटले, असे मात्र नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागावर अळी पडते आणि शिरांची जाळी तेवढी ठेवून पान फस्त करते. मग भरपूर पावसाच्या वर्षीही सागवन तपकिरी! लघुतरंग अवरक्त पट्टा पानातल्या पाण्याची खबर देतो खरा, पण अळी की तहान, याचा निवाडा करायला माणसालाच जंगलात जावे लागते.

पावसाळ्यात ढगांपुढे असे कॅमेरे हतबल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ रडारच्या लहरींनी ढगांआडूनही पाहतो आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परततो. मातीतल्या ओलाव्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

सेंटिनेल आणि लँडसॅट या उपग्रहांची चित्रे कुणालाही फुकट मिळतात. आपल्या गावामागचे जंगल फेब्रुवारीत आणि मेमध्ये कसे दिसते, ते जरूर पाहा. पण निष्कर्ष काढण्याआधी, त्या तुकड्यात झाडे कोणती आहेत, हे तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या कुणाला तरी विचारून घ्या.