तराफ्यावरून आलेली तुळई

मालवाहतुकीचा कंटेनर आठ फूट रुंद आणि वीस नाहीतर चाळीस फूट लांब. जगातला बराचसा व्यापार एवढ्याशा मापात बसतो. जो माल बसत नाही त्याला ट्रेलरवाले ‘ओडीसी’ म्हणतात. मुंबईने पाहिलेल्या अशा सर्वांत मोठ्या मालांपैकी एक म्हणजे सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सेतूला जोडणारी पहिली धनुष्याकृती तुळई. लांबी १३६ मीटर, वजन दोन हजार टन. लालबाग-परळमधून उंच गणपती नेताना वायरी बांबूने उचलाव्या लागतात. तिथून ही जाणार कशी?

मुळात ती एवढी लांब का? आधीच्या आराखड्यात दोन खांबांत ६० मीटर अंतर होतं. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी ते मान्य केलं नाही. उधाणात, जोराच्या वाऱ्यात होडी सरळ रेषेत चालत नाही, ती बाजूला सरकते; तिला मोकळं पाणी लागतं. कोळ्यांनी काम अडवलं, पाठपुरावा सोडला नाही. अखेर २०२२ संपता संपता एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. हे अंतर एका झेपेत ओलांडायला अशीच तुळई हवी होती.

तिचे सुटे भाग हरियाणात अंबाल्याला बनले, ट्रेलरांवरून न्हाव्याला आले आणि तिथल्या माझगाव डॉकच्या आवारात जोडले गेले. पुढची वाट समुद्राची. तराफ्यावर चढवलेली तुळई बंदरातून कुलाब्याला वळसा घालून वरळीला पोचली.

खरी कसोटी तिथे होती. चैत्री पौर्णिमा नुकतीच झालेली, दिवस उधाणाचे. तराफा खांबांच्या मधोमध धरायचा, पाणी उतरू लागलं की तुळई हळूहळू खाली येऊन खांबांवरच्या खोबणीत बसली पाहिजे. इंचांचा हिशेब, आणि खालचं पाणी क्षणभरही स्थिर नाही. २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे ती बसली. १५ मे रोजी १४३ मीटरची, अडीच हजार टनांची दुसरीही.

अभियंत्यांचं कौतुक झालं, ते रास्तच. पण या कामात कोळीवाड्याचाही वाटा आहे. यापुढे किनाऱ्यावर पूल आखाल तेव्हा कोळ्यांच्या आंदोलनाची वाट पाहू नका; त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा.