अमेरिकेतील स्थळ आणि काउंटी न्यायालयाचे दप्तर

अमेरिकेतील स्थळ सांगून आले, की पगार, व्हिसा, घर यांची चौकशी होते. पण मुलाचा तेथे आधी विवाह झाला होता का आणि झाला असल्यास तो कायद्याने संपला आहे का, हे विचारण्याचा धीर वधूपित्याला सहसा होत नाही. 'सगळे केव्हाच मिटले आहे,' या मध्यस्थाच्या शब्दावर इकडे कार्यालयाची तारीख ठरते. वास्तविक याचे उत्तर कागदावर असते आणि अनेक राज्यांत तो कागद त्रयस्थालाही मागता येतो.

अडचण असते ती योग्य दार शोधण्याची. घटस्फोट हा तेथे राज्यांच्या कायद्याचा विषय आहे आणि दावा चालतो तो काउंटीच्या, म्हणजे साधारणतः जिल्ह्यासारख्या घटकाच्या, न्यायालयात. अशा तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत; देशभराचे एकच रजिस्टर नाही. फेडरल न्यायालयांच्या 'पेसर' या संगणकीय सेवेत नाव सापडले नाही म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे. तेथे दिवाळखोरी दिसेल, घटस्फोट नव्हे. त्यामुळे मुलगा आजवर कोणकोणत्या शहरांत राहिला, हे प्रथम विचारावे. सॅन होजे असेल तर सांता क्लारा काउंटी, एडिसन असेल तर न्यू जर्सीतील मिडलसेक्स.

न्यायालयांची नावेही फसवी आहेत. कॅलिफोर्नियातील 'सुपीरियर कोर्ट' हे वरिष्ठ नसून काउंटीचे प्राथमिक न्यायालय आहे. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट चक्क 'सुप्रीम कोर्टा'त होतो. तेथील फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील यांच्याखेरीज इतरांना न्यायालयाच्या आदेशाविना पाहता येत नाही. निकाल काय लागला एवढे सांगणारा दाखला मात्र काउंटी क्लार्ककडे कोणीही मागू शकतो.

कॅलिफोर्नियात कौटुंबिक दाव्यांची कागदपत्रे घरबसल्या संगणकावर उघडत नाहीत; ती न्यायालयात जाऊनच पाहावी लागतात. तेथे राहणारा एखादा नातेवाईक अशा वेळी खरा उपयोगी पडतो. पोस्टाने अर्ज करायचा झाल्यास दोन्ही पक्षांची नावे, अंदाजे वर्ष आणि शक्य तर दाव्याचा क्रमांक द्यावा. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट पडतात. शोधाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला तर १५ डॉलर वेगळे. प्रमाणित प्रतीचे शुल्क निराळे असते. माहितीच्या अधिकाराचा अमेरिकी केंद्रीय कायदा न्यायालयांना लागू नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. नावाच्या स्पेलिंगचे सर्व पर्याय तपासावेत. जोशी-कुलकर्णी तेथेही थोडे नाहीत!

हाती आलेला कागद अर्ज आहे की अंतिम निकाल, हे काळजीपूर्वक पाहावे. कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे समन्स बजावल्यापासून सहा महिने उलटल्याशिवाय विवाह संपुष्टात येत नाही. केवळ अर्ज दाखल असेल तर तो पुरुष विवाहितच आहे आणि हिंदू विवाह कायद्यानुसार त्याचा दुसरा विवाह शून्य ठरतो.

निकाल मिळाला तरी एक प्रश्न उरतो. पहिला विवाह हिंदू पद्धतीने भारतात झाला असेल, तर पत्नी त्या दाव्यात हजर होती का आणि घटस्फोटाचे कारण काय, हे फाइलमधून काढावे. पत्नीने परदेशी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केलेले नसेल आणि घटस्फोटाचे कारण भारतीय कायद्यात बसत नसेल, तर असा हुकूमनामा येथे ग्राह्य धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे. अशी फाइल हाती आल्यास साखरपुड्याआधी ती येथील वकिलाला दाखवावी.