टेबलामागून बघितलेली मॅच

बास्केटबॉलच्या कोर्टाला मध्यरेषेपाशी लागून एक टेबल मांडलेलं असतं. मॅच बघायला आलेलं कुणीही त्या टेबलाकडे ढुंकून बघत नाही. स्कोअरर, त्याचा सहायक, घड्याळ चालू-बंद करणारा टायमर आणि 24 सेकंदांचं शॉट क्लॉक सांभाळणारा, असे चौघं तिथे लागतात. शालेय स्पर्धांमध्ये हे चौघं जमवणं मोठं कठीण, कारण क्रीडाशिक्षक आपापल्या संघामागे धावत असतात. मग पालकांपैकी कुणी शांत डोक्याचा दिसला की त्याला हाक येते, “भाईसाब, ज़रा बैठ जाइए.” मुलीची मॅच सोडून इतर मॅचना मी असा बसू लागलो.

आम्ही राहतो कुंडमला. जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती जंगल आणि गोंड वस्त्या, हिरन नदीचा उगमही इकडचाच. मुलगी जबलपुरात मावशीकडे राहून शिकते, 17 वर्षांखालच्या गटात खेळते. आमच्या मध्य प्रदेशात शालेय खेळ जिल्हा, संभाग (म्हणजे विभाग), राज्य अशा पायऱ्या चढतात. जिंकत गेलात की गाव बदलतं, मुक्काम बदलतो. वेळापत्रक रात्री उशिरा फोनवर येतं आणि मॅच सकाळी सातला असते. पालकांचं काम म्हणजे वाट बघणं. केळी, ग्लुकोज, घोट्याला बांधायची पट्टी, बुटांची जादा नाडी आणि नेलकटर जवळ असलं की झालं. नेलकटर विसरू नये, नखं वाढलेली दिसली तर रेफरी मुलीला कोर्टावर उतरू देत नाही. जबलपूरची खव्याची जिलबी मात्र मॅच संपेपर्यंत वर्ज्य. हा कोचचा कायदा, आणि तो पालकांपेक्षा मुलीच जास्त पाळतात.

स्कोअरशीट हा भलता हुशार कागद आहे. उजव्या अर्ध्या भागात दोन्ही संघांसाठी 1 ते 160 आकडे आधीच छापलेले असतात. बास्केट झाली की बेरीज करायची नाही, पुढचा आकडा गाठून खूण करायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. दोन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका. लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ आणि खेळाडूच्या नंबराभोवती गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. डावीकडे फाउलचे चौकोन, खेळाडूमागे पाच. पाचवा भरला की ती मुलगी बाहेर. संघाचे एका क्वार्टरमध्ये चार फाउल झाले की बॉल आपल्या ताब्यात नसताना केलेल्या पुढच्या फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. रेफरी टेबलाकडे वळून बोटांनी नंबर दाखवतो, मग फाउलची खूण करतो. ती नजर चुकली तर कागद बिघडला. म्हणून टेबलावर बसलेल्या माणसाला टाळी वाजवायची सोय नाही. मॅच डोळ्यांसमोर घडत असते, पण आपण बघत असतो फक्त नंबर आणि हात.

हे अंगवळणी पडल्यावर मुलीची मॅच बघायला प्रेक्षकांत बसलो, तेव्हा कागदावर काय येत नाही तेच दिसायला लागलं. ती 11 नंबरची. संभागाच्या सेमीफायनलला समोर 8 नंबरची एक उंचनिंच मुलगी होती. पूर्वार्धात तिने रिंगखाली उभं राहून आमचा जीव काढला. उत्तरार्धात कोचने आमच्या 11 नंबरला तिच्यावर लावलं, ती तिच्याहून वीतभर बुटकी असूनही. शॉट सुटला की नऊ मुली मान वर करून बॉलकडे बघायच्या. ही एकटी बॉलकडे पाठ फिरवून 8 नंबरला शोधायची. मग गर्रकन वळून तिच्या पोटाशी पाठ टेकवायची, गुडघे वाकवून, कोपरं बाहेर काढून बसल्यासारखी उभी राहायची. ढकलायचं नाही, ढकललं तर फाउल. फक्त जागा द्यायची नाही. बॉल खाली आला की तो आमच्या 5 नंबरच्या हातात. तिने लांब पास दिला, 7 नंबरने पळत जाऊन लेअप मारला, आणि शीटवर तिरक्या रेघेशेजारी उमटला 7. आमच्या शालेय शीटवर रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्याला, रकाना नसतो. आणि अशी नुसती अडवणूक तर मोठ्या स्पर्धांच्या आकडेवारीतही सहसा सापडत नाही.

आम्ही तीन गुणांनी जिंकलो. तिच्या नावे दोन गुण आणि चार फाउल. आईने विचारलं, “एकच बास्केट?” ती मोजे काढता काढता म्हणाली, “आई, त्यांच्या आठ नंबरने हाफनंतर किती केल्या ते बघ ना.” मी टेबलाशी जाऊन शीट बघितलं. 8 नंबरच्या उत्तरार्धात फ्री थ्रोचे दोन ठिपके होते, रेघ एकही नव्हती.

मुलींचा हा खेळ सुरुवातीला असा नव्हता. डिसेंबर 1891 मध्ये नेस्मिथने अमेरिकेत बास्केटबॉल काढला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. मुलींना दमणूक नको म्हणून तिने कोर्टाचे तीन भाग केले, ज्या भागात उभी केली त्याबाहेर जायचं नाही. एकमेकींच्या हातातला बॉल हिसकावणंही मना. 1893 च्या मार्चमध्ये तिथे झालेल्या मॅचला पुरुषांना प्रवेशच नव्हता, म्हणजे मी दाराबाहेरच राहिलो असतो. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल 1936 ला आलं, बायकांचं 1976 ला. आज आमच्या मुली तापलेल्या सिमेंटवर 28 मीटरचं अख्खं कोर्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतात, आणि पुण्याच्या शिरीन लिमयेंनी भारताचं नेतृत्व केलं हे त्यांना तोंडपाठ असतं.

फायनल आम्ही हरलो, सरळ हरलो. समोरचा संघ चांगला होता. पण त्याहीपेक्षा कानात राहिला तो प्रेक्षकांतला आरडाओरडा, “मार! तू मार ना!” ओरडणारे बहुतेक बाप. प्रत्येकाला आपल्या मुलीच्या नंबरापुढे रेघ हवी असते. पास देण्याऐवजी घाईत मारलेले शॉट त्या ओरडण्यातूनच येतात, हे माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मुलगी खेळत असेल तर एवढं करा. शॉट सुटला की बॉल सोडून तिच्याकडे बघा, ती कुणाला अडवतेय ते दिसेल. आणि दुसऱ्या कुणाची मॅच चालू असताना टेबलाशी खुर्ची रिकामी दिसली तर बसा. लाल पेन मात्र घरून न्या, तिथलं बहुधा संपलेलं असतं.