जावक ईमेलची पहारेदारी

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारकुनाने पगारपत्रक घाईत भलत्याच पत्त्यावर धाडले, तर ते वाटेतच कसे अडते? जुन्या कचेरीत जावक बारनिशीत नोंद झाल्यावाचून लखोटा बाहेर पडत नसे, तद्वतच कंपनीची संगणकप्रणाली प्रत्येक ईमेल जोडपत्रासह वाचते. बारा अंक दिसताच ती त्यांना आधार क्रमांक ठरवीत नाही, तर शेवटचा अंक आधीच्या अकरांशी ठरलेल्या गणिताने जुळतो का, हे पडताळते, आणि शेजारी नावे वा बँकखाती आढळल्यास तिचा संशय बळावतो. गोपनीय दस्तऐवजांचे सांकेतिक ठसे दप्तरी असल्याने त्यांतला चिकटवलेला उताराही तिला ओळखता येतो. पासवर्ड घातलेली फाईल मात्र तिला वाचता येत नाही. म्हणून अशी पाकिटे वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत रोखून धरणेच मला रास्त वाटते.