पोलादबद्ध कार्बाइड
पोलादबद्ध कार्बाइड : कार्बाइडाचे अतिशय कठीण कण पोलादाच्या आधारद्रव्यात बांधून तयार केलेला संमिश्र पदार्थ. यात बहुधा टिटॅनियम कार्बाइड वापरतात व त्याचे प्रमाण घनफळाच्या सु. ३० ते ५० टक्के असते. हा पदार्थ चूर्ण धातुविज्ञानाच्या पद्धतीने बनवितात. त्याची घनता, कठिनता व बळकटी तापपिंडनाच्या (चूर्ण दाबून केलेला ठोकळा तापवून त्यातील कण एकसंध जोडण्याच्या क्रियेच्या) तापमानावर फार अवलंबून असतात.

टंगस्टन कार्बाइड कोबाल्टाने बांधण्याची पद्धत जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये शोधली. असा पदार्थ तापपिंडनानंतर इतका कठीण असतो की, त्याला आकार देण्यासाठी हिऱ्याच्या चाकाने घासावे लागते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘फेरो-टिक’ या नावाने पुढे आलेल्या पोलादबद्ध कार्बाइडात ही अडचण बरीच कमी झाली. अनुशीतन करून (तापवून सावकाश थंड करून) त्यातील पोलाद मऊ केले म्हणजे त्याची कठिनता रॉकवेल सी मापक्रमावर ४० ते ४५ च्या आसपास येते व ते नेहमीच्या हत्यारांनी कातता येते. नंतर तापवून तेलात बुडविल्यास कठिनता सु. ७० पर्यंत वाढते. टंगस्टन कार्बाइडाची लोखंडाशी विक्रिया होऊन ठिसूळ दुहेरी कार्बाइड तयार होण्याचा संभव असतो. टिटॅनियम कार्बाइड अधिक स्थिर असल्याने ते येथे पसंत करतात.

लोखंड, कार्बन, क्रोमियम, मॉलिब्डेनम इत्यादींची चूर्णे टिटॅनियम कार्बाइडाबरोबर गोळ्यांच्या चक्कीत दीर्घकाळ दळतात, साच्यात दाबतात व ठोकळे निर्वात भट्टीत सामान्यतः १,३५०° ते १,४५०° से. पर्यंत तापवितात. या तापमानास पोलाद वितळते. पण ३,०००° से. च्या वर वितळणारे कार्बाइड घनच राहते. द्रव पोलाद केशाकर्षणाने कणांमधील फटींत शिरते व कणांना एकमेकांजवळ खेचते. त्यामुळे छिद्रे बुजतात आणि ठोकळा आकसतो.

तापमान कमी पडल्यास द्रवाचे प्रमाण अपुरे राहते व तो कणांना नीट भिजवीत नाही. परिणामी छिद्रे शिल्लक राहतात. भार पडला म्हणजे अशा छिद्रापाशी प्रतिबल एकवटते व तेथून तडा सुरू होतो. तापमान वाढवीत नेले की घनता, कठिनता व बळकटी वाढतात. मात्र ही वाढ एका मर्यादेपर्यंतच होते. त्यापलीकडे लहान कण द्रवात विरघळतात व त्यांचे द्रव्य मोठ्या कणांवर पुन्हा साचते. कण भरड होऊन एकमेकांना चिकटतात, पोलादाचे थर असमान होतात आणि कठिनता व बळकटी दोन्ही घटतात. तापमान फारच जास्त झाल्यास द्रव बाहेर झिरपतो व वस्तूचा आकार बिघडतो. तापमान तेच ठेवून काल लांबविला, तरी कण भरड होतात.

भट्टीतील परिस्थितीही महत्त्वाची असते. चूर्णावरील ऑक्साइडांची कार्बनाशी विक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. छिद्रे बंद होण्यापूर्वी तो निघून जावा म्हणून तापविण्याचा वेग आवरता ठेवतात. या विक्रियेत पोलादातील कार्बन कमी होतो. तो आधीच हिशेबात न धरल्यास पुढे अपेक्षित कठिनता येत नाही. उच्च तापमानास निर्वातात मँगॅनिजासारख्या धातूंचे बाष्पीभवनही होते. मॉलिब्डेनम घातल्याने द्रव कार्बाइडाला अधिक चांगले भिजवितो व कणांची वाढ मंदावते.

म्हणून ज्या तापमानास छिद्रे जवळजवळ पूर्णपणे बुजतात, अशांपैकी शक्य तितके कमी तापमान निवडतात. कठिनीकरणात चूक झाली, तर पोलाद पुन्हा मऊ करून ती क्रिया परत करता येते. परंतु एकदा भरड झालेले कण पुन्हा बारीक करता येत नाहीत. शिवाय हा दोष वरून दिसत नाही. कातकाम व कठिनीकरण यांचा सर्व खर्च झाल्यावर, हत्यार प्रत्यक्ष कामावर असताना तुटते, तेव्हाच तो पुष्कळदा ध्यानात येतो. यासाठी प्रत्येक घाणीतील नमुन्याची घनता मोजतात व त्याचा घासून चकचकीत केलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

पत्रा कापण्याचे व दाबण्याचे मुद्रासाचे, ठोकण्या, रूळ तसेच झीज सोसणारे यंत्रभाग यांसाठी पोलादबद्ध कार्बाइडाचा उपयोग करतात.